पहिली ते चौथीचा खेळाचा तास: नेमकं काय शिकवायचं असतं?

गणिताच्या तासाला एखाद्या मुलाची बेरीज चुकली, तर आपण त्याला "तू बाद, भिंतीजवळ जाऊन बस" असं म्हणत नाही. त्याच्याजवळ बसतो, काड्या मोजायला लावतो, पुन्हा करून घेतो. खेळाच्या तासाला मात्र नेमकं उलटं होतं. तळ्यात-मळ्यात सुरू झालं की पहिल्या मिनिटातच दोन-तीन मुलं चुकतात आणि बाहेर जाऊन बसतात. रोज बहुतेक तीच मुलं. ज्यांचा तोल अजून बसलेला नाही, ऐकलेल्या शब्दावर ज्यांचे पाय लगेच हलत नाहीत, ती. ज्याला सराव सगळ्यात जास्त हवा, त्याच्या वाट्याला तो सगळ्यात कमी येतो.

मी बरीच वर्षं पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवते आहे. खेळाच्या तासाला चेंडू द्यायचा, "मारामारी करू नका" म्हणायचं आणि वह्या तपासायला बसायचं, हे मीही केलंय. कुणी वेगळं सांगितलंच नव्हतं. डी.एड.ला कवायतीचे हुकूम पाठ झाले, पण सहा वर्षांच्या मुलाला चेंडू झेलायला कसं शिकवायचं हे मला पुढे मुलांकडे बघून, वाचून आणि चुकत शिकावं लागलं.

आधी परिस्थिती समजून घेऊ. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी, पट शंभरच्या वर असेल तर, आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा, सांगितला आहे. पहिली ते पाचवीसाठी तसं काही नाही. मैदान आणि खेळाचं साहित्य हवं, हे त्याच अनुसूचीत आहे. साठपर्यंत पट असलेल्या शाळेत दोन शिक्षक असतात, म्हणजे एकेका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग. थोडक्यात, ज्या वयात शरीराच्या हालचालींचा पाया घातला जातो, त्या वयात हा विषय वर्गशिक्षकाच्याच हातात आहे. तेव्हा तो वर्गशिक्षकाला समजलाच पाहिजे.

मूल चालायला लागतं तेव्हा त्याला कुणी शिकवत नाही. त्यामुळे आपल्याला वाटतं की पळणं, फेकणं, झेलणं हेही वय वाढलं की येईल. वय वाढलं की ताकद वाढते, उंची वाढते. पण हालचालीची घडण सरावानं आणि कुणीतरी दाखवल्यानं बसते. म्हणूनच तिशीतली धडधाकट माणसंही चेंडू फेकताना अडखळताना दिसतात. त्यांना कमी वयात कुणी शिकवलेलं नसतं.

वाचनाला जशी मुळाक्षरं, तशी शरीराचीही असतात. एक गट जागा बदलण्याच्या हालचालींचा: पळणं, उडी, लंगडी, घोडदौड, एका बाजूला आडवं सरकत पळणं. दुसरा वस्तू हाताळण्याचा: फेकणं, झेलणं, पायानं मारणं, टप्पे घेणं, फळीनं टोलवणं. तिसरा तोलाचा: एका पायावर उभं राहणं, गिरकी घेणं, लोळण घेणं, उडी मारून न पडता थांबणं. कबड्डी, खो-खो, क्रिकेट, मल्लखांब, नाच, सगळं या अक्षरांच्या जुळणीतून होतं. अक्षरंच न आलेल्या मुलाला थेट क्रिकेटच्या मैदानावर सोडणं म्हणजे बाराखडी न येणाऱ्याच्या हातात वर्तमानपत्र देणं.

आता झेलण्याचंच बघू. माझ्या वर्गात दुसरीत एक मुलगी होती. चेंडू येताना दिसला की ती मान फिरवायची आणि डोळे घट्ट मिटायची. दोन्ही हात काठीसारखे ताठ पुढे. चेंडू हातांच्या मधून जाऊन छातीवर आपटायचा आणि मुलं हसायची. मी तिला "डोळे उघडे ठेव, नीट बघ" असं दहादा सांगितलं. काही उपयोग झाला नाही, कारण डोळे मिटणं हा तिचा हट्ट नव्हता, भीती होती. रबरी चेंडू तिच्यासाठी फार वेगानं येत होता. डोळ्यांनी त्याचा अंदाज घेऊन हातांना कळवायला लागणारा वेळच तिला मिळत नव्हता.

अशा वेळी चेंडूच हळू करायचा. मी माझी ओढणी चार पदरी केली आणि वर उडवून दिली. हलकं कापड तरंगत खाली येतं, लागण्याची भीती नाही, बघायला भरपूर वेळ. ओढणी जमली की फुगा. फुग्यानंतर चिंचोके भरलेली मुठीएवढी पिशवी. पिशवी हातात पडली की उसळत नाही, बोटांत बसते. मग चिंध्यांचा चेंडू, आधी स्वतःच वर टाकून, मग दुसऱ्यानं तीन पावलांवरून दिलेला. रबरी चेंडू सगळ्यात शेवटी, तोही एक टप्पा पडून आलेला. प्रत्येक पायरीवर एकच वाक्य सांगायचं: "चेंडू आला की हात पोटाकडे ओढ." कोपरं मऊ झाली की चेंडू उसळून जात नाही. एका वेळी तीन सूचना दिल्या तर मूल तिन्ही विसरतं.

फेकण्याचंही तसंच. उजव्या हातानं फेकणारं लहान मूल बहुतेक वेळा उजवाच पाय पुढे टाकतं. त्यामुळे कंबर वळत नाही आणि सगळी फेक एकट्या खांद्यावर येते. मी भिंतीसमोर फक्कीनं पावलांचे दोन ठसे काढते, भिंतीकडे कूस करून उभं राहण्यासाठी, आणि पुढे डाव्या पायाचा एक ठसा. डावखुऱ्यांसाठी शेजारी उलटे. इथे एक गोष्ट उशिरा लक्षात आली. सुरुवातीला मी जवळचं लक्ष्य द्यायचे, डबा पाडायला सांगायचे. मुलं जपून, हात न उचलता ढकलल्यासारखं फेकायची. "डबा सोडा, भिंतीवर जोरात मारा" म्हटलं की पाय आपोआप पुढे पडतो, कंबर फिरते. आधी जोर, मग नेम. लगोरी खेळायची ती त्यानंतर.

पुढचा मुद्दा वेळेचा. मला विचाराल तर सगळ्या शाळांनी हा हिशोब एकदा मांडून बघावा. ४० मुलं, १० जणांच्या चार रांगा, लिंबू-चमचा किंवा पळत जाऊन परत येण्याची शर्यत. एकाला जाऊन यायला २० सेकंद लागतात. म्हणजे एका मुलाची पाळी २०० सेकंदांनी येते. २० मिनिटांच्या खेळात त्याला सहा पाळ्या मिळतात आणि तो पळतो एकूण दोन मिनिटं. उरलेली अठरा मिनिटं तो रांगेत उभा असतो, ढकलाढकली करतो आणि आपल्याकडून ओरडा खातो. तेच तिघातिघांचे गट केले तर त्याच वेळात त्याला २० पाळ्या मिळतात, म्हणजे जवळपास सात मिनिटं. मुलं तीच, मैदान तेच. फक्त रांग मोडली.

आपले जुने खेळ या बाबतीत फार हुशारीनं रचलेले आहेत. विषामृतात "विष" मिळालेलं मूल गोठतं, पण सवंगड्यानं "अमृत" म्हणून शिवलं की पुन्हा पळायला लागतं. त्यात कुणी कायमचं बाहेर जात नाही, आणि दुसऱ्याला सोडवायला जाणं हाही खेळाचाच भाग. साखळीत तर पकडला गेलेलाच पकडणारा होतो. तळ्यात-मळ्यात मी बंद केलेलं नाही, मुलांना ते आवडतं. फक्त नियम बदललाय: चुकलेल्यानं निंबाला हात लावून यायचं आणि परत खेळायचं. कधीकधी काही मुलं निंबापर्यंत पळायला मिळावं म्हणून मुद्दाम चुकतात. मला ते चालतं.

खो-खोचंही असंच. २०२५च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी तो जिंकला आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. तेव्हा आमच्या पोरांना दुसरं काही नकोच होतं. पण पूर्ण खो-खोत आठ जण बसलेले आणि एक जण पळणारा असतो. तिसरी-चौथीसाठी चारच जण बसवायचे, खांबांमधलं अंतर कमी करायचं आणि एकाऐवजी दोन मैदानं आखायची. म्हणजे बसण्याची पाळी कमी, उठून पळण्याची जास्त.

एक गोष्ट मात्र पूर्ण बंद व्हायला हवी: शिक्षा म्हणून व्यायाम. गृहपाठ नाही आणला, काढ उठाबशा. गडबड केली, मार मैदानाला पाच फेऱ्या. शिक्षणहक्क कायद्याच्या १७व्या कलमानं शारीरिक शिक्षेला आणि मानसिक त्रासाला बंदी आहेच. कायदा बाजूला ठेवला तरी यातून मूल काय शिकतं ते बघा. पळणं ही चुकीची किंमत आहे, हे त्याच्या मनात बसतं. त्याच मुलानं पुढे आनंदानं पळावं अशी अपेक्षा कशी करायची? आणि "गणित पूर्ण नाही, आज खेळाचा तास नाही" हीदेखील तीच शिक्षा, दुसऱ्या बाजूनं दिलेली.

किती हालचाल हवी, याचा आकडा पालक नेहमी विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी किमान ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल हवी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडं-स्नायू बळकट करणारे खेळ हवेत. मध्यम म्हणजे किती, हे ओळखायला यंत्र लागत नाही. मुलाला बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, ती मध्यम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागतंय, ती जोरकस. आणि हाडांसाठी खास काही आणावं लागत नाही. उडी मारून जमिनीवर आलं की हाडावर भार पडतो आणि वाढतं हाड त्या भाराला उत्तर म्हणून घट्ट होत जातं. दोरीवरच्या उड्या, ठिकरी, लंगडी, सगळ्यात हेच घडतं. लंगडी दोन्ही पायांवर खेळवा, एवढंच सांगेन. मुलं कायम एकच सोयीचा पाय वापरतात.

ही ६० मिनिटं एका तासिकेत बसणार नाहीत. मधली सुट्टी, शाळेत चालत येणं, संध्याकाळी अंगणात खेळणं मिळून ती भरतात. मार्चनंतर ऊन चढतं तेव्हा आम्ही मैदानाचा तास परिपाठानंतर लगेच घेतो आणि दुपारी वर्गातच तोलाचे खेळ.

उघड्यावर खेळण्याचा डोळ्यांशीही संबंध आहे, हे अनेकांना माहीत नसतं. लांबचं धूसर दिसण्याचा दोष, म्हणजे उणे नंबर, जी मुलं दिवसाउजेडी बाहेर जास्त वेळ घालवतात त्यांच्यात कमी प्रमाणात सुरू होतो. तैवाननं म्हणूनच २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर ठेवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. वर्गात दिवे लावून जेवढा उजेड मिळतो, त्याच्या कितीतरी पट उजेड झाडाच्या सावलीतही असतो. म्हणून सावलीत खेळवलं तरी चालतं.

आता सवयींकडे येऊ. इथे आपली सगळ्यात मोठी चूक म्हणजे भाषण. "जेवणाआधी हात धुवावेत" हे पहिलीतल्या मुलालाही पाठ असतं, परीक्षेत तो ते बरोबर लिहितो आणि तसाच ताटाकडे धावतो. सवय लागते ती जागा आणि वेळ ठरल्यानं. खिचडी शिजल्याचा वास आला की मुलं धावणारच. त्यांच्या धावण्याच्या वाटेवर नळ आणि साबण असेल तर हात धुतले जातात. नळ शाळेच्या मागे आणि साबण मुख्याध्यापकांच्या कपाटात असेल, तर नाही.

इथेही हिशोब करा. ४० मुलं, दोन नळ, प्रत्येकी २० सेकंद. म्हणजे नुसत्या धुण्यालाच ४०० सेकंद, जवळजवळ सात मिनिटं, वर धक्काबुक्की वेगळी. भुकेली मुलं एवढी थांबत नाहीत. यावर साधा उपाय आहे. लांब प्लॅस्टिकचा पाइप आडवा बांधायचा, त्याला हातभर अंतरावर दहा भोकं पाडायची, एका टोकाला चावी. चावी उघडली की दहा मुलं एकदम हात धुतात. साबणाच्या वड्या जुन्या मोज्यात किंवा जाळीत घालून पाइपलाच टांगायच्या, म्हणजे मातीत पडत नाहीत आणि हरवतही नाहीत. फिलिपिन्सच्या सरकारी शाळांनी अशाच सामुदायिक पद्धतीनं रोज साबणानं हात धुणं आणि दात घासणं हे शाळेच्या वेळापत्रकातच घातलं. मुलानं एकट्यानं आठवून करायची गोष्ट तिथे सगळ्यांनी मिळून करायची गोष्ट झाली.

साबणच का, हे मात्र एकदा डोळ्यांना दाखवावं लागतं. चार मुलांच्या तळहातावर थेंबभर गोडंतेल आणि चिमूटभर हळद चोळा. दोघांना नुसत्या पाण्यानं धुवायला सांगा, दोघांना साबणानं. पाण्यानं धुतलेले हात तसेच तुकतुकीत पिवळे राहतात, कारण तेल पाण्यात मिसळत नाही आणि मळ तेलाला धरून बसतो. साबणाचा कण एका टोकानं तेलाला आणि दुसऱ्या टोकानं पाण्याला धरतो आणि दोन्ही घेऊन वाहून जातो. आता साबणवाल्यांचे हात उलटसुलट करून बघायला सांगा. बोटांच्या बेचकीत, नखांच्या कडेला आणि अंगठ्याच्या मागे पिवळं हमखास उरलेलं असतं. "बाई, अंगठा राहिलाच!" हे मुलंच ओरडून सांगतात. त्यानंतर मला अंगठ्याबद्दल बोलावं लागत नाही.

जंतांचंही याच ओघात सांगायला हवं. दरवर्षी १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला मुलांना अल्बेंडाझोलची गोळी चावून खायला देतात. ती पोटातले जंत मारते, पण मातीतून हातांवर आणि अनवाणी पायांतून पुन्हा येणारे जंत अडवत नाही. गोळी, साबण आणि पायात चप्पल, तिन्ही लागतात.

दातांबद्दल पालकसभेत मी नेहमी एकच गोष्ट सांगते आणि दरवेळी निम्म्या आया चकित होतात. मूल सहा वर्षांच्या आसपास असताना दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, एक नवी दाढ गुपचूप उगवते. वर-खाली, दोन्ही बाजूंना, मिळून चार. त्या आधीचा दात पडून येत नाहीत, त्यामुळे घरच्यांना वाटतं की दुधाच्याच आहेत, किडल्या तर पडतील. त्या पडणार नाहीत, त्या आयुष्यभराच्या आहेत. त्यांच्यावर खोल खाचा असतात, अन्न अडकतं, आणि उगवताना त्या शेजारच्या दाढेपेक्षा ठेंगण्या असल्यामुळे ब्रश वरूनच निघून जातो. म्हणून ब्रश गालाच्या बाजूनं आडवा आत घालायचा. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी, दिवसातून दोनदा, आणि रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही नाही. जमलं तर रात्री मोठ्यांनी एकदा स्वतः घासून द्यावं, सहा-सात वर्षांच्या हातांना ते नीट जमत नाही.

खाण्याच्या बाबतीत शाळेकडे एक मोठी संधी रोज चालून येते. पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं ठरलेलं आहे. त्यासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. आम्ही जेवणाआधी एक मुलगा किंवा मुलगी पातेल्याजवळ उभी करतो आणि "आज खिचडीत काय काय आहे" ते सगळ्यांना ओळखायला लावतो. वाटाणा, गाजर, मटकी. ज्याचं नाव घेतलं ते बाजूला काढून टाकायला मुलं थोडी कचरतात. पाच रुपयांच्या पाकिटांवर मी ओरडत नाही, कारण ती पैसे देऊन घेऊन देणारे मोठेच असतात, आणि बोलायचं तर त्यांच्याशीच.

आणि पाणी. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण शाळेच्या शौचालयाला कडी नसते किंवा आत पाणी नसतं. हे मला एका चौथीतल्या मुलीनं सांगितलं, तेही फार उशिरा. पाणी प्या असं सांगण्याआधी कडी बसवावी लागते.

वजन-उंचीची नोंद खोलीत, एकेकाला बोलावून घ्या. सगळ्यांसमोर आकडा ओरडून सांगितलेलं मूल नंतर पळायला येत नाही, जाड असो की हडकुळं. दम्याच्या किंवा हृदयाच्या त्रासाच्या मुलाला सरसकट बसवून ठेवू नका, डॉक्टरांना विचारून त्याला काय चालेल ते ठरवा. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं तेव्हा, कोण पुस्तक नाकाशी धरतं, कोण थोडं पळून धापा टाकतं, याची यादी आपल्याकडे तयार हवी. एवढं निरीक्षण वर्गशिक्षकाशिवाय कुणाकडेच नसतं.

मूल्यमापनाची माझी एक साधी वही आहे. प्रत्येक मुलाला एक पान, आणि त्यात श्रेणी नाही, काय येतं ते. डाव्या पायावर दहा लंगड्या येतात का, उडी मारून न हलता थांबता येतं का, तीन पावलांवरून आलेला चेंडू झेलता येतो का. वरच्या ओळीशी खालची ओळ ताडून बघायची, शेजारच्या पानाशी नाही. दुसरीतल्या त्या मुलीच्या पानावर जुलैची नोंद आहे: "चेंडू येताना डोळे मिटते." ऑगस्ट: "ओढणी ५ पैकी ५." ऑक्टोबर: "पिशवी झेलते, डोळे उघडे." जानेवारीत रबरी चेंडू टप्पा घेऊन, दहातले सहा. त्याखाली फेब्रुवारीत तिनंच माझ्या हातातलं पेन घेऊन वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलंय: "आज टप्पा न पडता."